कवटी कोणाच्या छातीवर? ‘पनिशर’च्या बदलत्या जबान्या

एखाद्या साक्षीदाराने पोलिसांपुढे एक, दंडाधिकाऱ्यांपुढे दुसरे आणि सत्र न्यायालयात तिसरेच सांगितले, तर उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाला फारसे कष्ट पडत नाहीत. विसंगती दाखवायची आणि खाली बसायचे. पण पन्नास वर्षे दर वेळी वेगळी जबानी देणाऱ्या माणसाला लोकांनी डोक्यावर घेतले असेल, त्याचे चिन्ह छातीवर मिरवायला सुरुवात केली असेल, तर उलटतपासणी कोणाची घ्यायची? साक्षीदाराची की त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांची? अमेरिकेतील मार्व्हल कंपनीच्या कॉमिक्समधला ‘पनिशर’ हा असाच एक साक्षीदार आहे.

पनिशर म्हणजे शिक्षा देणारा. त्याचे नाव फ्रँक कॅसल. काळा पोशाख, छातीवर मोठी पांढरी कवटी आणि हातात बंदूक. तो आकाशात उडत नाही, त्याच्या अंगात कसली अद्‌भुत शक्ती नाही. तो गुन्हेगाराला पकडून पोलिसांच्या हवाली करीत नाही, जागेवर ठार मारतो. नायक म्हणावे तर खुनी आणि खलनायक म्हणावे तर लोकांचा लाडका. अशा पात्राला अँटीहिरो म्हणतात. 

चळवळीच्या वाचकाने या परदेशी चित्रकथेकडे लक्ष का द्यावे? कारण ही कवटी कागदावर राहिलेली नाही. ती अमेरिकन पोलिसांच्या गाड्यांवर गेली, इराकमध्ये सैनिकांच्या अंगावर गेली आणि आपल्याकडेही टी-शर्टवर व मोटारसायकलच्या टाकीवर येऊन बसली. आणि या पात्रामागे जो प्रश्न आहे तो आपल्या रोजच्या जगण्याचा आहे. सुनावणीशिवाय दिलेल्या शिक्षेला न्याय म्हणायचे काय?

पहिल्याच कथेत चुकलेला माणूस

पनिशर प्रथम दिसला तो ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’च्या १२९ व्या अंकात. अंकावर तारीख आहे फेब्रुवारी १९७४. लेखक जेरी कॉनवे, चित्रकार रॉस अँड्रू, आणि पोशाख तयार करणारे जॉन रोमिता. तो काळ लक्षात घ्या. व्हिएतनाममधून अमेरिकन फौजा १९७३ मध्ये परतल्या होत्या. ‘डर्टी हॅरी’ हा बंदूकबाज पोलिसाचा चित्रपट १९७१ मध्ये येऊन गेला होता, आणि पत्नीच्या खुनानंतर रस्त्यावर माणसे मारत फिरणाऱ्या गृहस्थाचा ‘डेथ विश’ १९७४ मध्येच आला. शहरे असुरक्षित आहेत, कायदा दुबळा आहे, कोणीतरी मर्द पाहिजे, ही हवा तेव्हा तिथे तयार होत होती.

पण या पहिल्या कथेत पनिशर काय करतो? तो स्पायडरमॅनला मारायला निघतो. का? तर स्पायडरमॅनने नॉर्मन ऑसबॉर्नचा खून केला, असे त्याला सांगितले गेले आहे आणि त्याने ते खरे मानले आहे. वाचकाला मात्र ठाऊक असते की स्पायडरमॅन निर्दोष आहे. ऑसबॉर्न त्याआधीच्या वर्षीच्या अंकात आपल्याच यंत्राने मेला होता. जॅकल नावाचा एक खलनायक पनिशरला वापरून घेत असतो. कथेच्या शेवटी आपण फसवले गेलो, हे पनिशरला कळून चुकते.

म्हणजे ज्या पात्राला पुढे अचूक न्यायाचा पुतळा बनवले गेले, त्या पात्राने पहिल्याच प्रकरणात चुकीचा माणूस धरला होता! ऐकीव माहितीवर, एका बाजूचे ऐकून, आरोपीला एक शब्द न विचारता. माझ्या मते जेरी कॉनवे यांनी या पात्राबद्दल सांगण्यासारखे जे काही होते ते पहिल्याच अंकात सांगून टाकले. पुढच्या पन्नास वर्षांत ते विसरण्याचा उद्योग तेवढा झाला.

कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही नैसर्गिक न्यायाची दोन तत्त्वे पाठ असतात. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये, आणि स्वतःच्या प्रकरणात कोणीही न्यायाधीश होऊ नये. पनिशरच्या सगळ्या परस्परविरोधी कथा या दोन तत्त्वांच्या कसोटीवर घासून पाहा. कोणती कथा प्रामाणिक आणि कोणती लबाड, हे लगेच उघडे पडते.

दुःख खरे, पण निकाल कोणाचा?

१९७५ मध्ये पनिशरचा पूर्वेतिहास सांगितला गेला. तो व्हिएतनामहून परतलेला नौसैनिक दलाचा जवान. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बायको-मुलांना घेऊन गेलेला असताना गुंडांच्या टोळीने केलेला एक खून या कुटुंबाच्या नजरेस पडतो. साक्षीदार राहू नयेत म्हणून टोळी सगळ्यांवर गोळ्या झाडते. पत्नी आणि दोन्ही मुले मरतात, हा एकटा वाचतो. इथे वाचकाचे मन हेलावते आणि ते हेलावलेच पाहिजे. ज्याचे घर डोळ्यांदेखत संपले त्याच्या संतापाला नावे ठेवणारे आपण कोण?

परंतु याच ठिकाणी डाव टाकला जातो. दुःख खरे आहे म्हणून त्याने दिलेला प्रत्येक निकालही खरा, असे वाचकाच्या गळी उतरवले जाते. फिर्यादी तोच, तपास अधिकारी तोच, न्यायाधीश तोच आणि फाशी देणाराही तोच. आपल्या बायको-मुलांच्या मारेकऱ्यांवर तो थांबत नाही. ज्यांचा त्या खुनाशी काडीचा संबंध नाही अशा हजारो माणसांना तो पुढे मारत राहतो.

१९८३ मध्ये बिल मँटलो या लेखकाने ‘स्पेक्टॅक्युलर स्पायडरमॅन’ या मासिकात हे तर्कट शेवटापर्यंत ओढून दाखवले. त्यांचा पनिशर रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यांवर आणि वाहतुकीचा नियम मोडणाऱ्यांवर गोळ्या झाडू लागतो. गुन्हा तो गुन्हा, लहान काय आणि मोठा काय? चाहत्यांना ही कथा भयंकर झोंबली. आमच्या फ्रँकला वेडा ठरवला, अशी त्यांची तक्रार. वास्तविक मँटलो यांनी वेगळे काहीच केले नव्हते. मोजमाप करणारे कोणी नसले, अपील नसले, गुन्हा आणि शिक्षा यांचे प्रमाण सांगणारा कायदा नसला, तर बंदूक कुठे थांबणार, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. आणि याच कथेत पनिशर कोर्टात आरोपी म्हणून उभा राहतो. ज्याने कोणाला सुनावणी दिली नाही त्याला सुनावणी मिळते!

मग १९८६ साल उजाडले. स्टीव्हन ग्रँट यांचे लेखन आणि माइक झेक यांची चित्रे असलेली पाच अंकांची मालिका आली. तिच्यात खुलासा करण्यात आला की मागच्या वेळी फ्रँकला कोणीतरी डोके फिरवणारे औषध दिले होते, म्हणून तो तसा वागला. झाले! साक्षीदाराने अडचणीची जबानी फिरवली. मँटलोचा प्रश्न औषधाच्या बाटलीत बुडाला आणि फ्रँक स्वच्छ होऊन बाहेर आला. पुढच्याच वर्षी त्याचे स्वतंत्र मासिक सुरू झाले, १९८८ मध्ये दुसरे, १९९२ मध्ये तिसरे. १९९५ मध्ये तिन्ही बंद पडली ही गोष्ट वेगळी. पण त्या आठ वर्षांत शंका काढणारा पनिशर विकला जात नव्हता, शंका न बाळगणारा पनिशर विकला जात होता.

हे वर्ष योगायोगाचे नाही. १९८६ मध्येच अमेरिकन काँग्रेसने अमली पदार्थविरोधी कायदा केला. त्या कायद्यात ५ ग्रॅम क्रॅक कोकेनच्या विक्रीसाठी किंवा विक्रीच्या हेतूने ते जवळ बाळगण्यासाठी किमान पाच वर्षांची कैद होती. तेवढ्याच कैदेसाठी भुकटीचे कोकेन ५०० ग्रॅम लागायचे. दोन्ही एकाच पदार्थाची रूपे. फरक इतकाच की क्रॅकच्या खटल्यांत प्रामुख्याने गरीब वस्तीतले कृष्णवर्णीय अडकत. एकास शंभर हे प्रमाण २०१० पर्यंत चालले आणि तेव्हाही एकास अठरावर येऊन थांबले. कॉमिक्समध्ये फ्रँक मादक द्रव्यांच्या विक्रेत्यांना गोळ्या घालत होता, तेव्हा बाहेर कायद्याचा तराजूच असा झुकलेला होता. चित्रकथा हवेत तयार होत नाही.

कातडी बदलली तेव्हा

पनिशरच्या सगळ्या अवतारांत वाचकांनी सर्वात जास्त टिंगल केलेली कथा १९९२ ची आहे, आणि मला ती सर्वात जास्त बोलकी वाटते. माइक बॅरन लेखक. फ्रँक तुरुंगातून निसटतो. चेहरा ओळखू येऊ नये म्हणून प्लास्टिक सर्जरी करून घेतो आणि उपचाराने त्याची त्वचा काळी होते. गोरा फ्रँक कृष्णवर्णीय बनून शिकागोकडे निघतो. वाटेत काय घडते? पोलीस त्याची गाडी अडवतात आणि त्याला बेदम मारतात. ल्यूक केज हा मार्व्हलचा कृष्णवर्णीय नायक मध्ये पडतो म्हणून तो वाचतो.

त्याआधी ३ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग यांना पोलिसांनी रस्त्यावर पाडून मारले होते. एका रहिवाशाने त्याचे चित्रीकरण केले आणि जगाने ते पाहिले. २९ एप्रिल १९९२ रोजी ज्युरीने त्या पोलिसांना जवळजवळ सर्व आरोपांतून मुक्त केले आणि शहर पेटले. बॅरन यांच्या कथेवर या घटनेची छाया स्पष्ट आहे.

क्षणभर विचार करा. अठरा वर्षे जो माणूस दुसऱ्याचा अपराध एका नजरेत ठरवत आला, त्याच्याकडे आता दुसरे कोणी तशाच नजरेने पाहत आहे. तो कोण, त्याने काय केले, हे विचारायची गरज कोणाला वाटत नाही. कातडी हेच दोषारोपपत्र आणि कातडी हाच निकाल. पनिशरच्या संपूर्ण इतिहासात याहून मोठा प्रश्न कोणी विचारलेला नाही. फ्रँक जन्मानेच या कातडीत असता, तर शस्त्रांनी भरलेली गाडी घेऊन तो न्यूयॉर्कमध्ये किती दिवस फिरू शकला असता? त्याच्या कुटुंबाच्या खुनाची कहाणी ऐकून किती जणांनी हळहळ व्यक्त केली असती?

पण लेखकाला हा प्रश्न पेलला नाही. दोन-तीन अंकांत औषधाचा परिणाम उतरला आणि फ्रँक पुन्हा गोरा झाला. त्याच्याकडे परतीचे तिकीट होते. ज्यांच्याकडे ते नसते त्यांच्या वस्तीतून तो पाहुण्यासारखा जाऊन आला. चाहते आजही ही कथा विचित्र प्रयोग म्हणून हसण्यावारी नेतात. जातीची किंवा वर्णाची गोष्ट निघाली की हसून विषय बदलणारे लोक सगळीकडे सारखेच!

शोकाकुल बाप की युद्धाचा भुकेला?

त्यानंतर पनिशरचे काय काय झाले नाही? १९९४ मध्ये तो आपल्या ओळखीच्या आर्चीला भेटला. १९९८ मध्ये तो मेला आणि देवदूतांचा हस्तक म्हणून परत आला. हे प्रकार कोणाला रुचले नाहीत. २००० मध्ये गार्थ एनिस आणि स्टीव्ह डिलन यांनी त्याला पुन्हा जमिनीवर आणले. एनिस यांनी या मालिकेत पनिशरची नक्कल करणारे तीन जण उभे केले. त्यांतला एक स्वतःच्या श्रीमंत वस्तीत ‘नको असलेली’ माणसे मारणारा आहे. वस्ती स्वच्छ ठेवायची, एवढेच त्याचे तत्त्वज्ञान. तिघे मिळून पनिशरकडे येतात आणि आमचा नेता हो म्हणतात. पनिशर तिघांनाही गोळ्या घालतो. आपल्या भक्तांचे खरे रूप एनिस यांनी पोलिसांच्या गाडीवर कवटी झळकण्याच्या कितीतरी आधी ओळखले होते. मात्र भक्तांचा निकालही पनिशरच लावतो, तोही गोळीनेच, ही त्यांची मर्यादा.

याच एनिस यांनी २००३ मध्ये ‘बॉर्न’ लिहिले. त्यात व्हिएतनाममधला फ्रँक दिसतो. युद्ध संपत आले याचे त्याला दुःख आहे. कधीच न संपणारे युद्ध देऊ करणारा एक आवाज त्याला ऐकू येतो आणि तो त्याला होकार देतो. म्हणजे पत्नी व मुले मरण्याच्या आधीच पनिशर जन्माला आला होता! पुढे जेसन आरन यांनी २०१० ते २०१२ च्या मालिकेत आणखी एक खिळा ठोकला. त्या दिवशी उद्यानात गोळीबार होण्याच्या अगदी आधी फ्रँकने पत्नीला घटस्फोट मागितला होता, असे त्यांनी दाखवले.

आता वकिलाच्या नजरेने पाहा. गंभीर व अकस्मात प्रक्षोभामुळे हातून खून झाला, असा बचाव असेल तर कायदा त्याकडे थोड्या मऊ नजरेने पाहतो. पण आरोपीला मारायचेच होते आणि तो केवळ निमित्त शोधत होता, असे पुराव्यातून दिसले तर तो बचाव कोसळतो. १९७५ चा पनिशर पहिल्या प्रकारचा आहे, २००३ चा दुसऱ्या प्रकारचा. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. तरीही चाहता दोन्ही खिशात ठेवतो. सहानुभूती हवी असली की मेलेली मुले काढायची, आणि थरार हवा असला की युद्धाचा राक्षस काढायचा.

फ्रँकच्या समोर नेहमी उभा केला जातो तो डेअरडेव्हिल. दिवसा तो मॅट मर्डॉक नावाचा अंध वकील असतो, रात्री मुखवटा घालून गुंडांशी लढतो. आमच्या व्यवसायाची शान म्हणून मी त्याचे कौतुक करणार नाही. रात्रीचा त्याचा धंदाही बेकायदेशीरच आहे. पण तो एका रेषेवर थांबतो. जिवाचा निकाल आपला नाही, हे तो मानतो. एनिस यांच्या मालिकेत पनिशर त्याला साखळीने बांधतो, हाताला पिस्तूल चिकटवतो आणि सांगतो की मला मार, नाहीतर मी समोरच्या गुंडाला मारतो. कॉमिक्समध्ये डेअरडेव्हिल चाप ओढतो, पण पिस्तूल निकामी केलेले असते. २०१६ मध्ये दूरचित्रमालिकेत हाच प्रसंग घेतला तेव्हा डेअरडेव्हिल त्या गोळीने साखळी तोडतो. तोच प्रसंग, दोन टोकांचे शेवट. दोन्हीकडे पेच मात्र पनिशरने रचलेला. मार किंवा मरू दे, तिसरा रस्ताच नाही, असे तो म्हणतो आणि वाचक मान डोलावतो. तिसरा रस्ता असतो. तो लांबचा असतो, कंटाळवाणा असतो, तारखांचा असतो. त्यालाच न्यायालय म्हणतात.

छातीवरची कवटी बाहेर येते

इराक युद्धात ख्रिस काइल या नेमबाजाच्या तुकडीने आपल्या साहित्यावर ही कवटी रंगवली. ‘अमेरिकन स्नायपर’ या त्यांच्या २०१२ च्या पुस्तकाने ती घराघरांत नेली. २०१७ मध्ये केंटकीतील कॅटलेट्सबर्ग या गावी पोलिसांच्या गाड्यांवर कवटी चिकटवली गेली. बोभाटा झाल्यावर ती काढावी लागली. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. त्यानंतरच्या निदर्शनांत निदर्शकांसमोर उभ्या ठाकलेल्या काही पोलिसांच्या अंगावर हीच कवटी दिसली. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकन संसदेवर चालून गेलेल्या जमावातही ती होती.

कॉमिक्समध्ये या कवटीचे एक कारण सांगितलेले आहे. शत्रूने डोक्यावर नव्हे, छातीवर नेम धरावा, कारण चिलखत तिथे आहे. म्हणजे गोळी स्वतःवर ओढून घेण्याचे ते चिन्ह होते. पोलिसाच्या अंगावर गेल्यावर त्याचा अर्थ उलटा झाला. ते समोरच्या नागरिकाला धमकावू लागले.

पात्राचे जनक जेरी कॉनवे यांनी २०१९ मध्ये एका मुलाखतीत याबद्दल स्पष्ट भूमिका घेतली. पनिशर हा न्यायव्यवस्था कोसळल्याचे लक्षण आहे, पोलिसांनी त्याचे चिन्ह लावणे म्हणजे सरकारी इमारतीवर गुलामगिरीच्या समर्थकांचा कॉन्फेडरेट झेंडा लावण्यासारखे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. २०२० मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय व इतर गौरेतर चित्रकारांकडून त्या कवटीची नवी रूपे करून घेतली आणि त्यांचे टी-शर्ट विकून ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’साठी निधी उभा केला. २०१९ च्याच एका अंकात मॅथ्यू रोझेनबर्ग यांनी असा प्रसंग लिहिला आहे, की दोन पोलीस पनिशरला पाहून हरखतात आणि गाडीवरची कवटी त्याला दाखवतात. तो ती फाडून टाकतो आणि त्यांना सुनावतो की तुम्ही कायद्याची शपथ घेतली आहे, मी ती केव्हाच सोडली आहे, आदर्शच हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे जा.

चांगली गोष्ट आहे. पण दोनच वर्षे आधी, २०१७ च्या ‘सीक्रेट एम्पायर’ या कथेत हाच पनिशर हायड्रा या फॅसिस्ट संघटनेच्या बाजूने लढला होता. तेव्हा तिचा म्होरक्या होता कॅप्टन अमेरिकाच्याच रूपातला हुकूमशहा! मग पोलिसांनी कोणाचे ऐकावे, २०१७ च्या फ्रँकचे की २०१९ च्या? जो सोयीचा असेल त्याचे. विसंगत जबान्यांचा फायदा शेवटी बंदूकवाल्याला मिळतो तो असा.

कंपनीने काय केले? २००९ पासून मार्व्हल ही डिस्नेच्या मालकीची आहे. २०२२ मध्ये तिने नव्या मालिकेत कवटीचे चित्र बदलले, तिला जपानी दैत्यासारखी शिंगे लावली. जुनी कवटी ज्यांनी लावायची ते लावतच राहिले. चित्र बदलल्याने चिन्ह बदलत नाही. ते कोण लावतो आणि कोणाला दाखवतो, यावर त्याचा अर्थ ठरतो.

त्या २०२२-२३ च्या मालिकेतील एक गोष्ट मात्र दखल घेण्यासारखी आहे. फ्रँकची पत्नी मारिया पुन्हा जिवंत होते. आपल्या नावाने नवऱ्याने काय चालवले आहे ते तिला कळते आणि ती त्याच्या मार्गाला नकार देते. जिच्या नावाने जवळपास पन्नास वर्षे माणसे मारली गेली, तिला कोणी विचारलेच नव्हते! आरोपीची बाजू ऐकली नाही ती नाहीच, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याचीही जबानी नोंदवली नव्हती. दोन्ही बाजूंना तोंड नाही, बोलते ती फक्त बंदूक.

२०२५ च्या ‘डेअरडेव्हिल : बॉर्न अगेन’ या मालिकेने हा धागा नेमका पकडला. हेक्टर अयाला या पोर्तो रिकन माणसावर पोलिसाच्या खुनाचा खटला चालतो. मर्डॉक त्याची बाजू मांडतो, ज्युरी त्याला निर्दोष सोडते. आणि त्याच रात्री छातीवर पनिशरची कवटी लावलेला एक जण त्याला रस्त्यावर गोळी घालतो. न्यायालयाने सोडलेल्या माणसाला कवटीने मारले. मारणारा फ्रँक नसतो, त्याच्या चिन्हाआड लपलेला पोलीस असतो.

आपला प्रश्न

आता कोणी म्हणेल, वकीलसाहेब, न्यायालयाचे गोडवे तुम्ही गा, आम्हाला तिथे काय मिळाले? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भैयालाल भोतमांगे यांची पत्नी सुरेखा, मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर यांची हत्या झाली. फ्रँक कॅसलची कहाणी काल्पनिक आहे, भैयालालची खरी होती. त्यांनी बंदूक उचलली नाही. ते कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद केली, आणि अॅट्रॉसिटी कायद्याखाली कोणालाही दोषी धरले गेलेच नाही. जानेवारी २०१७ मध्ये भैयालाल गेले. या न्यायाने त्यांचे समाधान झाले, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

पण म्हणून कवटीवाला आपला होतो काय? ६ डिसेंबर २०१९ च्या पहाटे हैदराबादजवळ बलात्कार व खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये बाहेर आला. ठार मारण्याच्या हेतूनेच गोळीबार झाला आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असा त्याचा निष्कर्ष होता. खटला चालला असता तर ते दोषी ठरले असते की निर्दोष? ते आता कोणालाही कळणार नाही. त्या मृत तरुणीच्या घरच्यांनाही नाही. आणि एवढे लक्षात ठेवा, की गोळी लागलेले ते चौघे मालट्रकवर काम करणारी गरीब पोरे होती. बंगल्यातल्या आरोपीला वकील मिळतो, जामीन मिळतो, रुग्णालयातली खोली मिळते. कवटीची वाट बंगल्यावरून जात नाही.

कॉमिक्समध्ये पनिशर चुकत नाही असे वाटते, कारण गुन्हा आधीच्या पानावर आपल्याला दाखवलेला असतो. चित्रकार हाच पंच आणि लेखक हाच साक्षीदार. खऱ्या पोलीस ठाण्यात आधीचे पान नसते. तिथे असतो संशय, आणि संशय प्रथम कोणाच्या वस्तीत शिरतो हे मी चळवळीच्या वाचकांना सांगायला नको. राज्यघटनेच्या कलम २१ ने कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीशिवाय कोणाचाही जीव घेता येणार नाही असे बजावले आहे. ही तरतूद गुन्हेगारांचे लाड नाही. ज्याच्यावर आधी बोट रोखले जाते त्या माणसाची ती ढाल आहे. न्यायालय कमी पडते तेव्हा भांडायचे ते न्यायालयाला आणि तपासाला जबाबदार धरण्यासाठी. सरकारी वकील चांगला द्या, साक्षीदाराला संरक्षण द्या, खटला मुदतीत चालवा, ही आपली मागणी आहे. आरोपीची बाजू ऐकूच नका, ही आपली मागणी कधीच असू शकत नाही. कारण उद्या आरोपीच्या पिंजऱ्यात कोणाची पोरे असतील, याचा अनुभव आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

तेव्हा खरा पनिशर कोणता, हा वाद चाहत्यांनी खुशाल घालावा. एका कंपनीच्या मालकीचे, अनेक हातांनी लिहिलेले पात्र आहे ते, त्याचा एकच खरा चेहरा असणार नाही. आपण प्रत्येक कथेला एवढेच विचारावे : समोरच्या माणसाला बोलू दिले होते काय? १९७४ च्या पहिल्या अंकात स्पायडरमॅन बोलू शकला, कारण तो ताकदवान होता, गोळी चुकवू शकत होता. प्रत्येकाला गोळी चुकवता येत नाही. म्हणून कोर्ट लागते. आणि आपल्या मुलाने टाकीवर ती कवटी चिकटवली असेल, तर त्याला रागावू नका. जवळ बसवा आणि विचारा, बाबा, ही बंदूक ज्या दिशेला रोखलेली आहे, त्या दिशेला कोण राहते?